माळ कोरताना

ठसा कोरून चित्र छापण्याच्या कलेविषयी एक साधी गोष्ट आरंभीच सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्याच आधाराने लिहिले आहे. कागदावर रेखाटन करणारा जे दाखवायचे ते काढतो. ठसा कोरणारा जे दाखवायचे नाही ते काढून टाकतो. लाकडाच्या किंवा लिनोलियमच्या सपाट तुकड्याचा जेवढा भाग शिल्लक राहील तेवढ्यावर शाई चढते आणि तेवढेच कागदावर उमटते. म्हणजे छापून झालेल्या चित्रात जे काळे दिसते त्याला कोरणी लागलेलीच नसते. जे पांढरे, मोकळे दिसते तिथे सगळे श्रम झालेले असतात. पाहणाऱ्याची नजर काळ्यावर खिळते, कोरणाऱ्याचे दिवस मात्र पांढऱ्यात गेलेले असतात. व्युत्पत्तीचा कोणताही दावा न करता एवढे म्हणता येईल, की या कामात 'कोरा' आणि 'कोरणे' हे दोन शब्द एकमेकांच्या फार जवळ येतात.

साहित्याच्या अभ्यासकांना ही कल्पना अगदीच अनोळखी नसावी. संहितेतल्या गाळलेल्या जागा, न बोललेले, दोन ओळींमधले अंतर यांवर आपण वर्गात तास तास बोलतो. पण तसे बोलताना ती मोकळी जागा लेखकाने नुसती सोडून दिली आहे, असा एक समज आपल्या मनाच्या तळाशी असतो. ती हाताने, एकेक खाच मारून तयार करावी लागते, हे आम्हाला शिकवले माळढोकाच्या ठशाने. त्याविषयीच हे थोडे.

*

आम्ही दोघे सोलापुरात राहतो. एक जण महाविद्यालयात मराठी शिकवतो, दुसरी शाळेत चित्रकला शिकवते. २०११ सालापासून दर हिवाळ्यात आम्ही माळरानावरचा एक प्राणी किंवा पक्षी घेतो, त्याचा ठसा कोरतो आणि त्याच्या तीस प्रती हाताने छापतो. सुरुवात २०११ मध्ये होण्याला कारण होते. त्या वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत माळढोक पक्षी 'संकटग्रस्त' या वर्गातून 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात गेला. त्याच्यापुढे फक्त नामशेष होण्याचे वर्ग उरतात. ज्याने हा पक्षी पाहिला होता त्याने आणि जिने तो पाहिला नव्हता तिने मिळून तो कोरायचे ठरवले. पुढे लांडगा झाला, खोकड झाले, धाविक, काळवीट, तणमोर अशी मालिका वाढत गेली. यांतले सगळेच सारख्या संकटात आहेत असे नाही. काळवीट तर लाल यादीत सध्या सुरक्षित गणले जाते. पण सगळ्यांचे घर एकच, गवताळ माळ. आणि संकट आहे ते त्या घरावर.

काम घरीच, मागच्या पडवीत चालते. लिनोलियम म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा घट्ट करून तागाच्या कापडावर बसवलेला थर. थंडीत तो कडक होतो, कोरणी निसटते आणि बोटात जाते. म्हणून कोरण्यापूर्वी तो उन्हात ठेवायचा. सोलापुरात उन्हाची ददात नाही. चित्र ठशावर उलटे काढावे लागते. कागदावर पक्ष्याने उजवीकडे पाहायला हवे असेल तर ठशावर त्याचे तोंड डावीकडे. अक्षरे कोरायची तर ती आरशातली. 'माळढोक' या शब्दातला 'ढ' आरशात पाहून कोरताना आपण लिहायला नव्याने शिकतो आहोत असे वाटते. मग काचेवर रोलरने शाई पसरायची, ती ठशावर चढवायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून स्टीलच्या वाटीच्या बुडाने घासायचे. यंत्र आमच्याकडे नाही. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा. छापलेले कागद दोरीवर चिमट्यांनी अडकवतो. शाई तेलाची, वाळायला चार-पाच दिवस घेते. तेवढे दिवस पडवीत कुणी पंखा लावायचा नाही.

ठशांची कला आपल्याकडे नवी नाही. कापड छापणाऱ्या छिप्या-रंगाऱ्यांच्या सागवानी ठशांवर कोयऱ्या आहेत, वेलबुट्टी आहे, मोर आहेत, पोपट आहेत, हत्ती आहेत. पैठणीच्या पदरावरही मोर आणि पोपट. माळढोक मात्र या नक्षीत आमच्या पाहण्यात कधी आला नाही. शोभेच्या पक्ष्यांची यादी फार पूर्वीच ठरून गेली असावी आणि तिच्यात बागेतले, देवळातले, राजवाड्यातले पक्षी आले. माळावरच्या पक्ष्यांना प्रवेश मिळाला नाही. १९६३ साली राष्ट्रीय पक्षी म्हणून मोराची निवड झाली, तेव्हाही सालिम अलींनी माळढोकाचे नाव पुढे केले होते. ते मागे पडले. असो.

*

आमच्यापैकी ज्याने माळढोक पाहिला, त्याचे पाहणे १९८७ च्या पावसाळ्यातले आहे. अकरावीत असताना तिघे मित्र सोलापुराहून सायकलींनी नान्नजला गेले होते. माळढोक नर मीटरभर उंच असतो, वजन पंधरा किलोपर्यंत जाते. उडू शकणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी तो एक. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. विणीच्या काळात तो गळ्याची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबती सोडतो, शेपटी पाठीवर उभारतो आणि खोल, घुमणारा आवाज काढतो. या आवाजावरूनच काही भागांत त्याला 'हूम' म्हणत. पाहणाऱ्याला आठवतो तोही आधी आवाज आणि मग पक्षी; आणि पक्ष्याच्या आधी, खूप आधी, आठवते ती नजर पोचेपर्यंत पसरलेली जमीन, जिच्यात तो कुठे आहे हे बराच वेळ कळतच नव्हते.

जिने पाहिला नाही तिच्या हाताशी छायाचित्रे होती. उत्तम छायाचित्रे, पिसावरची बारीक नक्षी मोजता येईल इतकी स्पष्ट. पण लांब पल्ल्याच्या भिंगाने काढलेल्या छायाचित्रात एक गोष्ट होते. पक्षी रेखीव उठतो आणि त्याच्या मागची-पुढची सारी जमीन एका मऊ, पिवळसर धुक्यात विरघळते. माळढोकाची शेकडो छायाचित्रे चाळली तरी तो ज्या गवतात उभा आहे त्याची एक धड काडी हाती लागत नाही. ज्याने पाहिला त्याच्याकडे जमीन होती आणि पक्षी अंधूक होता. जिने पाहिला नव्हता तिच्याकडे पक्षी होता आणि जमीन अंधूक होती. आमचा ठसा या दोन अर्ध्या गोष्टींतून सुरू झाला.

न पाहिलेला प्राणी कोरण्याची परंपरा मोठी आहे, आणि तिच्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या किनाऱ्यावरून निघालेले आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजाने पोर्तुगालच्या राजाकडे रवाना झाला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्ट ड्यूररपर्यंत पोचले ते त्याचे वर्णन आणि एक कच्चे रेखाटन. तेवढ्यावर त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. पाठीवर एक जादा शिंग, अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले. तो गेंडा पुढे पोपला भेट म्हणून पाठवला गेला आणि १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. चित्र मात्र ड्यूररच्या मृत्यूनंतरही पुन्हा पुन्हा छापले गेले. उत्तरकालीन प्रतींत ठशाला गेलेली चीर आणि किडीची छिद्रेसुद्धा उमटलेली दिसतात. दोनशे वर्षांहून अधिक काळ युरोपला गेंडा म्हणजे तोच गेंडा वाटत राहिला. शिंग चुकले याचे हसू येणे सोपे आहे. आम्हाला अधिक विचारात पाडते ते दुसरेच. त्या गेंड्याच्या पायाखाली जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, वर मजकूर आहे, आणि चौकट त्याच्या अंगाला भिडलेली आहे. गेंडा जिथे राहतो ते उंच गवत, ती दलदल, तिथला चिखल यांतले काहीही नाही. वर्णन जहाजाबरोबर गेले, प्रदेश मागे राहिला.

याच्या उलट टोकाला इंग्लंडचा टॉमस ब्यूइक. त्याचे ब्रिटिश पक्ष्यांवरचे दोन खंड १७९७ आणि १८०४ साली निघाले. बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर, तळहातात मावतील एवढ्या ठशांत त्याने पक्षी कोरले, आणि बहुतेक पक्ष्यांना उभे राहायला एक जागा दिली: एखादा दगड, लव्हाळ्याचा झुबका, पाण्याचा काठ. काळी रेघ राखण्याऐवजी पांढरी रेघ कोरत जाण्याची पद्धत त्याने इतकी पुढे नेली, की त्याच्या ठशात उजेड हीच एक कोरलेली वस्तू होते. आपल्याकडे पाहायचे तर नंदलाल बोसांचे १९३० चे दांडीयात्रेतले गांधीजी आठवावेत. काळ्या पार्श्वभूमीतून पांढऱ्या रेघांनी बाहेर आलेली काठीधारी आकृती. त्या लिनोकटमध्ये गांधीजींना लागलेली प्रत्येक रेघ कोरणीने काढलेली आहे.

*

पक्षी कोरून झाला तेव्हा घरातला खरा वाद सुरू झाला. न पाहिलेलीने विचारले, "अहो, हा उभा कुठं आहे?"

"माळावर."

"माळ म्हणजे काय काढू?"

या प्रश्नाला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. पाहिलेल्याचे म्हणणे, क्षितिजाची एक रेघ दे, बाकी मोकळे सोड. माळ मोकळाच असतो. न पाहिलेलीचे म्हणणे, मोकळे सोडता येत नाही. मोकळे करायचे तर ठशाचा तीन चतुर्थांश भाग खरवडून काढावा लागेल, आणि इतके खरवडायचे तर तिथे काय आहे ते मला आधी कळले पाहिजे. वाद चित्राचा होता, पण बोलता बोलता तो भाषेवर आला, कारण तिथे काय आहे हे सांगायला आम्ही शब्द शोधू लागलो आणि मराठीने आम्हाला दोन वेगवेगळ्या पिशव्या पुढे केल्या.

पहिल्या पिशवीत ओसाड, उजाड, भकास, पडीक, वैराण हे शब्द. आपल्या कथा-कवितांत माळ आला की बहुधा यांतलाच एखादा त्याच्या मागून येतो. 'ओसाड गावी एरंड बळी' या म्हणीतही हेच गृहीत आहे: झाड नाही म्हणजे काहीच नाही, आणि मग एरंडसुद्धा वृक्ष. दुसऱ्या पिशवीत गुराख्या-मेंढपाळांचे आणि शेतकऱ्यांचे शब्द: कुरण, गायरान, बरड, मुरमाड. गवताची नावे: कुसळी, पवना, मारवेल, हरळी. या शब्दांत माळाला पोत आहे, उपयोग आहे, ऋतू आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली, तिच्यातला माणदेशी माळ आम्हाला कधी रिकामा वाटला नाही, याचे कारण तिथे मेंढरे काय खातील हे ठाऊक असलेल्या माणसांच्या नजरेतून तो पाहिलेला आहे. सोलापुरात जन्मलेल्या आणि २००६ च्या सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या मारुती चितमपल्लींनी (१९३२–२०२५) रानातल्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची आणि झाडांची नावे मराठी गद्यात आणली, ती याच दुसऱ्या पिशवीतली. पण शासनाने, शाळेने आणि पुस्तकांनी पहिलीच पिशवी अधिक वापरली. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० सालापासून वेळोवेळी प्रसिद्ध होत आला आहे. त्यात झुडपी माळ आणि खालावलेली कुरणे पडीक या सदरात मोडतात. ज्या जमिनीवर काहीच नाही असे एकदा ठरले, तिच्यावर काहीही करता येते. पाणी आले तिथे ऊस आला. पाणी नव्हते तिथे खाणी, पवनचक्क्या, सौर पट्ट्या आल्या. आणि सद्हेतूने झाडेही आली. गिरिपुष्प, सुबाभूळ लावून माळ हिरवा केला की आपण निसर्गाचे भले केले असे वाटते. माळढोकाला मात्र दूरवर नजर जाईल अशी उघडी जमीन लागते. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही जमिनीवर. झाडावर बसायला आलेल्या कावळ्याला ते दिसते.

विजेच्या तारांची गोष्टही या नजरेचीच आहे. माळढोकाला बाजूचे चांगले दिसते, समोरचे कमी. जड शरीराने उडताना समोर आलेली तार त्याला वेळेत चुकवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकाच्या क्षेत्रात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो बदलून हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. सूर्याची आणि वाऱ्याची वीज हवी हे कुणीच नाकारत नाही. ती कुठे उभारायची हे ठरवताना 'जिथे काही नाही तिथे' असे उत्तर पटकन येते, एवढेच आमचे म्हणणे.

ठशाचा वाद शेवटी कोरणीने मिटवला. मोठा भाग मोकळा करण्यासाठी रुंद, गोल तोंडाची कोरणी फिरवावी लागते. ती कितीही काळजीने फिरवली तरी दोन खाचांच्या मध्ये एक बारीक कड उभी राहते, आणि रोलर त्यावरून गेला की तिला शाई लागते. छापल्यावर मोकळ्या भागात आडव्यातिडव्या काळ्या रेघांचा एक विरळ सडा दिसतो. चित्रकलेच्या वर्गात हा दोष मानतात आणि सगळ्या कडा तासून टाकायला सांगतात. पहिली चाचणी छाप निघाली तेव्हा पाहिलेला बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "या राहू दे. असंच दिसतं." नोव्हेंबरात वाळलेले गवत एका बाजूला कलते आणि त्याच्या सावल्या जमिनीवर पडतात, ते असेच दिसते. मग न पाहिलेलीने कोरणी बदलली, पुढे तीन आठवडे त्या कडांच्या मधून एकेक पाते पांढऱ्या रेघेने कोरले. पूर्ण झालेल्या चित्रात पक्षी ठशाच्या आठव्या हिश्शाहून मोठा नाही. तो शोधावा लागतो.

*

या ठशाच्या प्रती आम्ही विकत नाही, देतो. २०१३ साली शेवटच्या वर्षाच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला आम्ही १७ क्रमांकाची प्रत देऊ केली. तो नान्नज परिसरातल्या एका गावातून बसने येत असे, वाचनाची आवड होती, ठसे छापताना दोन-तीनदा मदतीलाही आला होता. त्याने प्रत हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि परत केली.

"सर, चित्र चांगलं आहे. पण आमच्या घरात नाही लावता येणार. आजोबा जेवायचे नाहीत. आमच्या सातबाऱ्यावर माळढोक बसलाय."

माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली शेते, गावे, रस्ते, वस्त्या सगळे त्यात आले. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर निर्बंध आले आणि तीन दशके वाद चालले. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. विद्यार्थ्याच्या घरची हकिकत या आकड्यांच्या आतली होती. आत्याच्या लग्नासाठी दोन एकर काढायचे ठरले, गिऱ्हाईक मिळाले, व्यवहार अडला, सावकाराचे पैसे घ्यावे लागले. पुढच्या आठवड्यात त्याने सातबाऱ्याची झेरॉक्स आणून दाखवली. पक्ष्याच्या बाजूने बोलण्यासारखे आमच्याजवळ पुष्कळ होते. ते बोलण्याची ती वेळ नव्हती.

त्या उताऱ्यावर आमची नजर एका शब्दापाशी थांबली: पोटखराबा. सातबारा पाहणाऱ्यांना तो परिचित आहे. गटातली जी जमीन लागवडीस अयोग्य, ती पोटखराबा. क्षेत्राचा आकडा तिच्यापुढे लिहिलेला. विद्यार्थ्याला विचारले, या तुकड्यात काय आहे? तो म्हणाला, "काही नाही. खडक आणि कुसळी." थोडे थांबून म्हणाला, "आजोबा सांगतात, पूर्वी हूम तिथंच यायचे." म्हणजे ज्या पक्ष्यामुळे सुपीक दोन एकरांचा व्यवहार अडला, तो उतरत असे ते त्याच मालकाच्या, त्याच गटातल्या, कुणालाच नको असलेल्या तुकड्यात. अभयारण्याच्या मोठ्या नकाशाला हा तुकडा दिसला नव्हता आणि सातबाऱ्याला तो दिसला होता, पण 'खराब' म्हणून. आजोबांना तो तुकडा काय आहे हे माहीत होते. पण तेवढ्याचसाठी काही मोबदला देऊन कुरण राखा, असे म्हणायला त्यांच्या दारात कुणी आले नव्हते.

१७ क्रमांकाची प्रत आमच्याकडेच राहिली. ती आम्ही दुसऱ्या कुणाला दिली नाही.

*

प्रतींच्या क्रमांकाविषयी थोडे सांगायला हवे. साहित्यात 'आवृत्ती' हा शब्द विस्ताराचा आहे. दुसरी आवृत्ती निघाली की लेखकाला आनंद होतो. ठशांच्या जगात आवृत्ती म्हणजे मर्यादा. तीस प्रती छापायच्या असे ठरले की प्रत्येकीच्या खाली पेन्सिलीने १/३०, २/३० असे लिहायचे, आणि तिसावी निघाली की ठशावर आडवी खोल खाच मारून तो रद्द करायचा, म्हणजे एकतिसावी कधी निघू नये. यात मूळ हेतू प्रतीची किंमत राखण्याचा. दुर्मिळता हाताने तयार करण्याचीच ही रीत आहे. १९६९ च्या सुमारास देशात माळढोक १,२६० असावेत असा अंदाज होता. अलीकडचे अंदाज दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता माळढोक दिसला तर ती बातमी होते. अशा पक्ष्याच्या चित्राला आपण आणखी कृत्रिम दुर्मिळता द्यावी, हे आमच्यापैकी एकीला मुळीच पटेना.

तणमोराचा ठसा आम्ही वेगळ्या पद्धतीने केला होता. २०२१ साली तणमोरही अतिसंकटग्रस्त ठरला. पावसाळ्यात नर गवताच्या वर उड्या मारमारून मादीला बोलावतो. अकोला-वाशीम भागात त्याच्या रक्षणासाठी फासेपारधी समाजातले लोक पुढे आले आहेत, ज्यांचे पूर्वज त्याला फाशात पकडत. गवताचा हिरवा, सावलीचा तपकिरी आणि पक्ष्याचा काळा असे तीन रंग हवे होते. त्यासाठी एकाच ठशावर काम करण्याची रीत आहे. पहिला रंग सगळ्या प्रतींवर छापायचा, मग तोच ठसा आणखी कोरायचा, दुसरा रंग छापायचा, पुन्हा कोरायचा. प्रत्येक पायरीला ठसा कमी होत जातो. शेवटच्या रंगापाशी त्याचा जवळजवळ काहीच भाग उरत नाही, आणि प्रती किती हव्यात हे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते, कारण मागे जाता येत नाही. तणमोराच्या तीस प्रती आहेत, ठसा नाही. ती पद्धत आम्ही पुन्हा वापरली नाही.

माळढोकाचा ठसा मात्र शाबूत आहे. तिसावी प्रत २०१४ मध्येच निघाली. नियमाप्रमाणे तो त्याच दिवशी रद्द व्हायला हवा होता. एकाचे म्हणणे, वचन दिले ते पाळावे, खाच मारावी. दुसरीचे म्हणणे, जैसलमेरजवळ २०१९ पासून माळढोकाची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे, तिकडे एकेक पिल्लू मोजले जाते आहे, आणि आपण इथे चित्रावर खाच कशासाठी मारायची? यावर आमच्यात तडजोड झाली ती अशी, की एकतिसावी प्रत काढायची नाही आणि खाचही मारायची नाही. ठसा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. जवसाच्या तेलाचा असल्यामुळे वर्षागणिक तो कडक होत चालला आहे, कडा ठिसूळ झाल्या आहेत. आणखी काही वर्षांनी त्यावरून छापता येणार नाही. तेव्हा हा वाद आपोआप निकालात निघेल.

चित्राने पक्षी वाचत नाही, याबद्दल आमच्या मनात कसलाही भ्रम नाही. पण जिथे काही नाही असे म्हटले जाते तिथे काय आहे, हे कोरल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशी एक सक्ती या कामात आहे. आम्हाला तिचा उपयोग वाटतो, निदान शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना. गेल्या काही वर्षांपासून आम्ही मुलांना पक्षी कोरायला देण्याआधी एक वीतभर चौरस माळ कोरायला देतो. नान्नजच्या वाटेवर नेऊन जमिनीवर दोरीची चौकट टाकायची आणि तिच्यात जे असेल ते. मुले आधी हसतात. मग मोजू लागतात. एका चौकटीत एका मुलीने चार प्रकारचे गवत, मुंग्यांचे वारूळ, मेंढीची लेंडी आणि टिटवीचे पीस एवढे मोजले होते. कोरायला तिला दीड महिना लागला.

यंदाच्या हिवाळ्यात आमचा स्वतःचा ठसाही तसाच आहे. त्यात पक्षी नाही. कुसळी, पवना, मारवेल, खाली मुरूम, मध्ये खडकाचे उघडे टोक. कुसळीचे टोक आमच्या सर्वांत बारीक कोरणीहूनही बारीक असल्यामुळे ते सुईने ओरखडून काढावे लागते आहे आणि अर्धे काम अजून बाकी आहे. छापल्यावर खाली पेन्सिलीने शीर्षक लिहायचे असते. एकाला 'माळ' एवढेच हवे आहे. दुसरीला वाटते की सातबाऱ्यावरचा शब्द तसाच उतरवावा, पोटखराबा, म्हणजे चित्र पाहणारा आधी तो वाचेल आणि मग वर पाहील. बहुधा तिचेच म्हणणे राहील, कारण कोरते ती आहे.